मिठागराच्या बांधावरून : १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार आणि गोवा

मृगाचा पाऊस तोंडावर आला की कोकणपट्टीतल्या घराघरांतून आगोटीची धांदल सुरू होते. गोव्यात या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. ‘प्रोव्हिमेंतु’ या पोर्तुगीज शब्दाचे हे आपले घरगुती रूप. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चभोवती भरणारे पुरुमेंताचे फेस्त ज्यांनी पाहिले असेल त्यांना तिथले ढीग आठवतील : लाल मिरची, चिंच, सोलं, कांद्याच्या माळा, खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे आणि त्यांच्या शेजारी जाड्या खड्यांचे मीठ. खारे मासे आणि मीठ हे दोन ढीग शेजारी शेजारी असतात यात कुणाला नवल वाटत नाही. दोन्ही वस्तू एकाच खाडीच्या लेकी आहेत. त्यांपैकी एकीचे नशीब बदलले की दुसरीचेही बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नशीब गोव्यात बदलले, आणि ते बदलणारा कागद गोव्यापासून हजारो मैलांवर, लिस्बन शहरात, २६ डिसेंबर १८७८ रोजी सह्या होऊन तयार झाला होता.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या कराराला फार तर एखादे वाक्य मिळते. लढाई नाही, वेढा नाही, शौर्यगाथा नाही. मग आठवण कोण ठेवणार? परंतु शेजारच्या दोन मुलखांनी आपापसांतले जकातीचे नाके उठवायचे ठरवले तर नारळवाल्याचे काय होते, मीठवाल्याचे काय होते, मासे खारवणाऱ्या बाईचे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या किनाऱ्यावर याहून चांगला धडा सापडणे कठीण.

आधी गोव्याच्या भूमीची रचना ध्यानात घ्यायला हवी. मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या काठची पुष्कळशी सखल जमीन म्हणजे ‘खाजन’. खाऱ्या पाण्याला मातीचे बांध घालून ती आपल्या पूर्वजांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी सोडवून घेतली. बांधात लाकडी दारांची ‘मानस’ असते. भरतीचे पाणी केव्हा आत घ्यायचे आणि ओहोटीला केव्हा सोडायचे, हे त्या दारांवर ठरते. पावसाळ्यात खाजनात भात पिकते, मानशीच्या तोंडाशी मासे मिळतात, आणि पाऊस सरल्यावर काही खाजनांत उधाणाचे पाणी उथळ वाफ्यांतून फिरवून उन्हावर मीठ पिकवले जाते. शेती, मासेमारी आणि मीठ यांची अशी एकाच बांधावर सोयरीक जमलेली. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होई आणि बांधाची डागडुजी गावकरी, म्हणजे पुढे ज्यांना ‘कोमुनिदाद’ म्हटले गेले त्या ग्रामसंस्था, सांभाळीत. मीठ केवळ खाण्यासाठी नसे. ते माडाच्या मुळाशी खत म्हणून जाई, आणि हंगामात उदंड येणारी तारली विकून उरली तर तीही माडाच्याच आळ्यात पडे.

या मुलखाला भाताचा मात्र तुटवडा. पीक वर्षभर पुरत नसे. म्हणून मीठ, नारळ, सुपारी, सुके मासे घाटावर जायचे आणि घाटावरून तांदूळ, डाळी, गूळ, तंबाखू खाली यायचे, असा व्यवहार शतकानुशतके चालत आला. लमाणांचे बैल एका बाजूने मीठ वाहत आणि दुसऱ्या बाजूने धान्य. सत्ता बदलल्या तरी बैलांची वाट तीच राहिली.

एकोणिसाव्या शतकात मात्र त्या वाटेवर नाके बसले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर घाटावरचा मुलूख इंग्रजांकडे आला. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हाही मुंबई इलाख्याला जोडला गेला. आता समुद्राची बाजू सोडली तर गोव्याच्या सगळ्या सीमा मुंबई इलाख्याला किंवा त्याच्या छायेतल्या सावंतवाडी संस्थानाला भिडत होत्या. आणि मुंबई सरकारच्या दृष्टीने गोव्याचे मीठ म्हणजे भिंतीतले भोक होते. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर १८३७-३८ च्या सुमारास मणाला ८ आणे होता. १८४४ मध्ये तो १ रुपया झाला आणि १८७८ पर्यंत चढत चढत २ रुपये ८ आण्यांवर पोचला. इथे मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मीठ पिकवायला जो खर्च येई त्याच्या कितीतरी पट हा कर. सीमेपलीकडे गोव्यात तेच मीठ मातीमोलाने मिळत असताना सावंतवाडीच्या, बेळगावच्या किंवा कारवारच्या रानवाटांनी ते चोरून न येते तरच नवल.

त्याच काळात लॉर्ड लिटनच्या सरकारने संबंध हिंदुस्थानात मिठाचा कर एका पातळीवर आणण्याचा घाट घातला होता. उत्तरेत मैलोन्‌मैल काटेरी कुंपण घालून आणि पहारे बसवून मिठाची वाहतूक अडवली जात असे. ते आंतरिक जकातीचे कुंपण १८७९ मध्ये उठवण्यात आले. पण कुंपण काढायचे तर मिठाचा प्रत्येक उगम सरकारच्या मुठीत हवा. राजपुतान्यातले सांभर सरोवर १८७० मध्येच जयपूर व जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेतले गेले होते. पश्चिम किनाऱ्यावर उरला होता तो गोवा. तो संस्थान नव्हता. एका युरोपीय राजाची वसाहत होता. म्हणून तेथे भाडेपट्टा चालणार नव्हता, दोन राष्ट्रांमधला करार हवा होता.

पोर्तुगालची गरज निराळी होती. पणजीची तिजोरी रिकामी आणि जुन्या वैभवाच्या आठवणी मात्र भरलेल्या. मुरगावला उत्तम नैसर्गिक बंदर. तेथून घाटावर रेल्वे नेली तर धारवाड-हुबळीकडचा कापूस आणि धान्य मुंबईऐवजी मुरगावला उतरेल आणि गोवा पुन्हा व्यापाराचे द्वार होईल, अशी आशा. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्व्हु हे इंग्लंडशी सहकार्य केल्याखेरीज आपल्या वसाहतींना भवितव्य नाही, अशा मताचे होते. इंग्लंडचे लिस्बनमधील वकील रॉबर्ट मोरियर यांनाही हा सौदा हवा होता. दोघांच्या वाटाघाटींतून जो करार निघाला तो १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी अमलात आला.

कराराचा गाभा असा. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांमधली जकातीची सीमा उठली. दोन्हींच्या समुद्रबंदरांत परदेशी मालावर एकसारखी जकात ठरली. मुरगावहून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. गोव्याचे नाणे ब्रिटिश रुपयाच्या तोलाचे झाले. दारूवरचा अबकारी कर शेजारच्या इलाख्याच्या पद्धतीने बसवायचा होता. आणि गोव्यातले मीठ पिकवण्यावर व विकण्यावर ब्रिटिश सरकारचा ताबा आला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळायचे होते आणि ते पैसे रेल्वेच्या भांडवलावरील व्याजाच्या हमीसाठी गुंतवायचे होते.

कागदावर पाहिले तर हा खुल्या व्यापाराचा करार आहे, आणि त्यातला चांगला भाग नाकारण्याचे कारण नाही. नारळ, सुपारी, आंबे, काजू यांना आता घाटावरच्या बाजारात जाताना नाक्यावर थांबावे लागेना. बारदेशातल्या किंवा सासष्टीतल्या बागायतदाराला हा लाभच होता. तांदूळही अडथळ्यावाचून खाली येऊ लागला, आणि ज्या मुलखाचे पीक वर्षभर पुरत नाही त्याला ही गोष्ट लहान नव्हती.

परंतु या दाराची किंमत कुणी दिली? ती मिठागरांनी दिली. ब्रिटिश मीठखात्याची दृष्टी कमाईची आणि पहाऱ्याची. मोठे, एकत्र असलेले मिठागर राखायला सोपे. खाडीच्या प्रत्येक वळणावर विखुरलेले लहानसे आगर राखायला शिपाई किती ठेवायचे? असे आगर बंद करणे हाच स्वस्त उपाय होता, आणि कितीतरी आगर बंद पडले. चालू राहिलेल्या आगरांतले मीठ ब्रिटिश दराने कर भरूनच बाहेर पडू लागले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाफ्यातून ओंजळभर मीठ घरी नेणाऱ्या आगरी माणसाला तेच मीठ आता चोरीचा माल ठरले. भरपाईचे ४ लाख रुपये सरकारला मिळाले. वाफे सुकलेल्या माणसाच्या हाती त्यातले काय पडणार? हे पैसे रेल्वेच्या रुळांकडे चालले होते.

मिठाच्या मागोमाग मासळीची वेळ येते. बांगडा नीट खारवायचा तर त्याच्या वजनाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतके मीठ लागते. आपण चौथा हिस्सा धरू. मणभर मासळीला पाव मण मीठ, म्हणजे १८८० च्या दराने केवळ कराचेच १० आणे. १८८२ मध्ये कर मणाला २ रुपयांवर आला तेव्हा ८ आणे. १८८८ मध्ये तो पुन्हा २ रुपये ८ आणे झाल्यावर पुन्हा १० आणे. गरिबाच्या कालवणातल्या माशावर हे ओझे जड होते, आणि ही गोष्ट सरकारलाही अपरिचित नव्हती. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ च्या आपल्या अहवालात मिठाच्या करामुळे मासे खारवण्याच्या धंद्याची कशी दैना होते हे मांडले होते, आणि त्या सुमारास मद्रास इलाख्यात सरकारी देखरेखीखाली मासे खारवण्याची आवारे निघू लागली होती. तेथे मच्छीमाराला सवलतीने मीठ मिळे. पण सवलतसुद्धा कुंपणाच्या आत. आपल्या दारातल्या वाळूवर, घरच्या मिठाने, सोयीच्या वेळी मासे खारवण्याचे खारवी बाईचे स्वातंत्र्य त्या आवारात नव्हते.

येथे या कराराचे मर्म उघडे होते. मासळीवर कुठलाही नाका उरला नव्हता. खारवलेला बांगडा बेळगावपर्यंत जकातीवाचून जाऊ शकत होता. मात्र तो बांगडा ज्यावाचून टिकत नाही ते मीठ महाग झाले होते. निर्यातीचे दार उघडे आणि निर्यातीचा कच्चा माल कुलपात! करार वाचताना माणसे वस्तूंची यादी वाचतात. एक वस्तू दुसरीच्या पोटात असते हे यादीत दिसत नाही. खाजनाच्या बांधावर उभे राहिलेल्या माणसाला मात्र ते दिसते.

ताडी-माडीचेही असेच झाले. झाडागणिक कर आणि दुकानागणिक परवाना, ही मुंबई इलाख्याची रीत गोव्यात आली आणि माड काढणाऱ्या रेंदेरांच्या डोक्यावर नवा बोजा बसला. वसई-ठाण्याकडच्या वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल. मुंबईचा अबकारी कायदाही १८७८ चाच. ज्या वर्षी लिस्बनमध्ये सह्या होत होत्या त्याच वर्षी आपल्याकडच्या माडांवरही सरकारी आकडे पडण्याची तजवीज झाली होती.

आता ज्या आशेसाठी हे सारे मान्य केले तिचे काय झाले ते पाहू. रेल्वे झाली, यात शंका नाही. दूधसागरच्या घाटातून, बोगदे खोदून आणि पूल बांधून, मुरगाव ते कॅसलरॉक मार्ग १८८८ मध्ये पुढे ब्रिटिश रेल्वेला जोडला गेला. आजही त्या मार्गाने प्रवास करणारा माणूस ते काम पाहून थक्क होतो. परंतु त्याच वेळी दक्षिण महाराष्ट्रातली रेल्वे बेळगाव, मिरज यांच्या वाटेने पुण्याकडे नेली जात होती. ती पुण्याला पोचली आणि घाटावरच्या मालाला मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईत गिरण्या होत्या, पेढ्या होत्या, विलायतेच्या बोटी होत्या. मुरगावला बंदर होते, पण बंदराला माल पुरेना. उत्पन्न कमी पडले की हमीचे व्याज सरकारने भरायचे. म्हणजे मिठागरे देऊन जे ४ लाख मिळवले ते रेल्वेच्या तुटीत जिरत राहिले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने मीठ, मद्य, शस्त्रे असे थोडे जिन्नस वगळून जवळजवळ सगळ्याच आयात मालावरची जकात उठवली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा त्यामागचा रेटा सर्वश्रुत आहे. गोव्याला कुणी विचारले नाही; समान जकातीच्या बंधनामुळे हाच दर गोव्याच्या बंदरांनाही लागू होणे भाग होते. परिणाम दुहेरी झाला. पणजीचे जकातीचे उत्पन्न आटले, आणि ब्रिटिश बाजारात गोव्याच्या मालाला शेजारी म्हणून जी सवलत मिळाली होती तिचा अर्थच उरला नाही. नाका उठला होता तो आता साऱ्या जगासाठी उठला. सिलोनची सुपारी मुंबईच्या धक्क्यावर तितक्याच मोकळेपणाने उतरू शकत होती. गोव्याने मीठ देऊन जे विकत घेतले ते दोन वर्षांत इतरांना फुकट मिळाले.

पुढे आफ्रिकेतल्या मुलखावरून दोन राष्ट्रांत वितुष्ट आले; जानेवारी १८९० मध्ये इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला. गोव्याच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही आणि जानेवारी १८९२ मध्ये त्याची मुदत संपली. जकातीची सीमा परत उभी राहिली. १८९४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात ५ टक्क्यांची सर्वसाधारण आयात जकात परत आली तेव्हा गोवा पुन्हा परका मुलूख होता. मिठागरे कायद्याने मोकळी झाली खरी. पण खाजनाचा बांध एक पावसाळा दुर्लक्षित राहिला तरी फुटतो. येथे बारा पावसाळे गेले होते. ज्याचा वाफा गाळाने भरला, ज्याचे घाटावरचे गिऱ्हाईक तुटले आणि ज्याचा मुलगा मुंबईला निघून गेला, त्याला करार संपल्याची बातमी काय उपयोगाची?

मुलगा मुंबईला गेला होता हे खरे. गोवेकरांचे देशांतर या करारामुळेच सुरू झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मुंबईच्या वाटेवर ते त्याही आधीपासून होते. परंतु या वर्षांत ती वाट रुंद झाली. धोबीतलाव, माझगाव येथल्या गावोगावच्या ‘कुडां’मधून खलाशी, आचारी, वादक, शिंपी दाटीवाटीने राहू लागले. संध्याकाळी गावच्या पालक संतापुढे मेणबत्ती लावून रोजरीची प्रार्थना होई आणि कुणीतरी गावाकडून आणलेले खारे बांगडे वाटले जात. जी रेल्वे मालासाठी बांधली तिने माणसे नेली. आणि त्या माणसांनी घरी धाडलेल्या मनिऑर्डरींवर गोव्यातली कितीतरी घरे उभी राहिली. गोव्याची सर्वांत मोठी निर्यात नारळ नव्हे, माणूस ठरला.

मिठाची कहाणी येथे संपत नाही. १९३० मध्ये दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गोव्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर, शिरोड्याच्या मिठागरांवर, सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. मिठावरचा कर अखेर एप्रिल १९४७ मध्ये रद्द झाला. पुढे १९५४-५५ पासून स्वतंत्र भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा उलट बाजूचा धडा मिळाला. घाटाच्या पायथ्याशी राहणारा गोवा हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ खाऊ लागला, आणि बागायतदाराचा शेजारचा बाजार गेला. ती कोंडी राजकीय न्यायासाठी होती. पण शेजाऱ्याचे दार बंद झाले की पोटाला किती लांबून आणावे लागते, हेही तिने दाखवले. डिसेंबर १९६१ नंतर सीमाच उरली नाही. मग गुजरातचे स्वस्त मीठ आले आणि उरल्यासुरल्या आगरांवर त्याने मात केली. आज रायबंदर, आगरवाडो, हडफडे, नेरूल अशा मोजक्या गावांत पांढरे ढीग दिसतात.

म्हणून कुणी म्हणेल की करार असो वा नसो, मिठागरे जाणारच होती. कदाचित. बाजार कुणाचीच वाट पाहत नाही. तरीही १८७८ च्या करारात एक अन्याय निराळा आहे. तेथे स्पर्धेत हरलेला माणूस नव्हता. चांगले आणि स्वस्त मीठ पिकवत होता म्हणूनच त्याला बंद केले गेले. गोव्यातून निवडून गेलेले प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत बसत. पण ते बहुधा जमीनमालक आणि सुशिक्षित घराण्यांतले. आगरातला गडी आणि किनाऱ्यावरची खारवीण यांचे म्हणणे त्या सभागृहापर्यंत पोचण्याची वाट नव्हती. एकाच्या मालासाठी बाजार उघडताना दुसऱ्याचा धंदा मोबदला म्हणून दिला गेला आणि मोबदल्याचे पैसे तिसऱ्याकडे गेले.

शेजाऱ्यांमधले करार आजही होतात. भारत आणि श्रीलंका यांचा मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून अमलात आला. त्या वाटेने येणाऱ्या स्वस्त मिऱ्यामुळे केरळ-कर्नाटकातले मिरीचे बागायतदार हवालदिल झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सरकारला मिऱ्याच्या आयातीसाठी किलोला किमान ५०० रुपये भाव ठरवावा लागला. उपाय उशिरा आला आणि तो पुरेसा होता की नाही यावर वाद होईल. पण निदान गाऱ्हाणे सांगायला जागा होती, आणि सांगणाऱ्याला मत होते. १८८० च्या आगरवाल्याला यांपैकी काहीच नव्हते.

शेजाऱ्याशी दार उघडे ठेवणे चांगलेच. मीठ घाटावर जावे आणि तांदूळ खाली यावा यातच दोन्ही मुलखांचे पोट भरते, हे लमाणांच्या बैलांनाही ठाऊक होते. प्रश्न एवढाच की दार उघडण्याची किंमत ठरवताना ती कोण भरणार हे त्याला आधी विचारले आहे काय? पुढच्या पुरुमेंताच्या फेस्ताला खाऱ्या बांगड्यांची घासाघीस करताना शेजारच्या जाड्या मिठाचाही एक पायली भाव विचारावा. ते पिकवणारे हात आता थोडे उरले आहेत.